पुढच्या सीटवर

जोडसायकलवर मागे बसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मागचं हँडल वळत नाही, ते नुसतं धरायला असतं. ब्रेक पुढच्याकडे, गिअर पुढच्याकडे. मागच्यानं आपले पाय मारायचे आणि विश्वास ठेवायचा. ऑपरेटरची त्याबद्दल तक्रार नव्हती. डोळे गेल्यापासून त्याचा सगळा संसारच मागच्या सीटवर चालला होता.

ऑपरेटर हे नाव त्याला नोकरीनं दिलेलं. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तो अनेक वर्षं बसला. एकदा ऐकलेला आवाज तो विसरत नसे. नोकरी संपली, कान मात्र शाबूत राहिले. राहायला तो थोरल्या भावाकडे, दादाकडे असे. घरात दादा, वहिनी आणि हा, एवढीच माणसं. दरवर्षी हवा निवळली की दोघे भाऊ जोडसायकल काढून नदीच्या खोऱ्यात फिरायला जात. डाव्या काठानं रमतगमत चढायचं, वाटेत मुक्काम करायचा, माथ्यावरचा बोगदा ओलांडायचा आणि उजव्या काठानं उतरत संध्याकाळपर्यंत घर गाठायचं. दादा पुढून सांगत राही.

"डावं वळण... आता उतार... खाली नदी दिसतेय बघ, हिरवीगार."

"गेल्या वर्षी निळी होती."

"मग यंदा पोट बिघडलं असेल तिचं."

असं चालायचं. यंदा मात्र दादा थट्टेला थट्टा देत नव्हता. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी त्यानं एकट्यानंच सामान बांधलं, ऑपरेटरला हात लावू दिला नाही.

"काय झालं दादा? गप्प का?"

"काही नाही रे. थकलो."

माणूस थकतोच, ऑपरेटरच्या मनात आलं. दादाचा डावा गुडघा जुना आजारी. त्यामुळे त्याचं पेडल एक जड आणि एक हलकं पडे, आणि साखळी एकच असल्यामुळे ते मागे पायात कळे. त्या लंगड्या तालाची ऑपरेटरला इतकी सवय होती की त्यावर त्याला कधी कधी पेंग येई.

बोगद्याच्या तोंडाशी दादानं सायकल थांबवली आणि तो उतरला.

"धाकट्या, सायकल धरून इथंच उभा राहा. आलोच मी."

"कुठे चाललास?"

"आलोच म्हटलं ना."

खडीवरून त्याची पावलं गेली, एक जड, एक हलकं. लांबून फोनवर बोलल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग तेही थांबलं. बोगद्यातून गार वारा अंगावर येत होता. आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ऑपरेटर उभा राहिला. विहिरीच्या तळाशी असतो तसा ओल्या दगडाचा वास येत होता, आणि तो हळूहळू वाढत होता.

मग सायकल किंचित खाली दबली. पुढच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. खडी मात्र वाजली नव्हती.

"दादा?"

"हं. चल."

आवाज दादाचाच होता. ऑपरेटर बसला आणि सायकल बोगद्यात शिरली. आत गारठा होता. प्रत्येक आवाज भिंतीवर आपटून परत येत होता, साखळीचा, चाकांचा, त्याच्या स्वतःच्या श्वासाचा. आणि पेडलं अगदी सारखी पडत होती. एकही जड नाही, एकही हलकं नाही.

"गुडघा बरा दिसतोय," ऑपरेटर म्हणाला.

"बरा झाला."

बोगद्यात चढ होता. या चढावर दादाच्या छातीचा दरवर्षी भाता होई. ऑपरेटरनं कान दिला. परत येणारा श्वास एकाचाच होता.

"दादा... जरा थांबू या."

"थांबायचं नाही. पुढे फाट्यावर गाडी उभी आहे. ती माणसं तुला न्यायला आलीत."

"मला? कुठे?"

"तुझी पिशवी चाचपून बघ."

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या होत्या. दादाची उजवीकडे, ती फुगलेली होती. डावी त्याची. त्यानं एक हात मागे नेला. पिशवी सपाट होती. कपडे नव्हते, रेडिओ नव्हता, काठीही नव्हती.

अंगावर ऊन आलं तेव्हा कळलं की बोगदा संपला. समोर एका गाडीचं इंजिन चालू होतं. एका बाईचा गोड, सराईत आवाज आला. "ऑपरेटरकाका ना? दोघंही थांबा ना जरा. आमच्या आश्रमात तुमची खोली तयार आहे. सकाळी दादांनी दिलेलं सामान आम्ही लावून ठेवलंय."

आणि त्याच वेळी मागून, बोगद्यातून, धापा टाकत दुसरा आवाज आला. तोही दादाचा. "धाकट्या, थांब... तिथे नीट बघतात रे... मी सांगणारच होतो..."

सांगणार होता. खोली ठरवून झाली, सामान लावून झालं, आणि सांगायचं तेवढं राहिलं होतं. ज्याच्या शब्दावर तो आयुष्यभर आंधळेपणानं उतार उतरला, त्या भावानं केसानं गळा कापला होता. ऑपरेटरला भीती वाटत होतीच, पण त्या भीतीपेक्षा हे दुःख मोठं होतं. सायकल अजून हळू होती. उडी मारता आली असती.

"उतार आहे," पुढून हलकेच शब्द आले. "पाय उचल."

त्यानं पाय उचलले.

उजव्या काठाची ती उतरण इतकी सफाईनं त्यानं कधीच अनुभवली नव्हती. वळण आधी सांगितलं जाई, खड्डा आधी सांगितला जाई, एकही शब्द चुकला नाही. खूप वेळानं ऑपरेटरनं विचारलं, "नदी दिसते का?"

"दिसते. काळी आहे. ती कधीच हिरवी नव्हती. तुला कुणी खरं सांगितलं नाही."

दिवेलागणीला ते घरी पोचले. वहिनीनं दार उघडलं. "आलात का? दमले असाल," ती म्हणाली आणि पुढच्याच्या हातातली पिशवी घेताना हसली. "अगंबाई, हात किती गार पडलेत तुमचे. बसा, वाढते." ऑपरेटर दारातच उभा राहून ऐकत होता. तिला काहीच वेगळं दिसलं नाही. तिला त्या खोलीचंही काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या आवाजावरूनच त्यानं ओळखलं. या घरात त्याला रोज पेपर वाचून दाखवणारी तीच होती.

ते जेवायला बसले तशी बाहेर एक गाडी थांबून निघून गेली आणि दार वाजलं.

"अगं, मी आहे. दार उघड."

वहिनीच्या हातातून वाटी पडली. "आवाज... अगदी तुमच्यासारखा," ती टेबलाकडे वळून म्हणाली.

"कुणीतरी वेडा असेल," टेबलावरून शांतपणे उत्तर आलं. "बघू का?"

"नको, तुम्ही नका जाऊ."

बाहेरून दारावर तळहात आपटला. "धाकट्या, तू आहेस ना आत? तू तरी सांग तिला. तू ओळखतोस मला. माझं चुकलं रे... तुला कुठे नाही पाठवणार, शपथ घेतो."

ते रडणं खरं होतं. बोर्डावर बसून त्यानं किती रडणी ऐकली होती, खरं-खोटं त्याला पहिल्या हुंदक्यात कळे. वहिनी त्याच्या खुर्चीजवळ आली आणि त्याच्या खांद्याला धरून कुजबुजली. "भावजी, तुमचा कान कधी चुकत नाही. कोण आहे हो तो?"

खरं सांगावं, तर दादा आत येईल. आज रडेल, महिन्याभरानं पुन्हा थकेल, आणि ती गाडी पुन्हा कुठल्या तरी फाट्यावर उभी राहील. ऑपरेटरनं घसा साफ केला.

"माहीत नाही, वहिनी. कुणीतरी नक्कल करतंय. दादा तर इथं बसलाय."

बाहेरचं रडणं एकदम थांबलं. मग पावलं पायऱ्या उतरून गेली, एक जड, एक हलकं. ऑपरेटरला फार बरं वाटलं. तेवढ्यापुरतं का होईना, वाटलं.

वहिनी वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली. ओल्या दगडाचा वास टेबलावरून सरकत त्याच्या कानाशी आला.

"बरं केलंस," दादाचा आवाज म्हणाला. "आता सायकलला तिसरी सीट बसवून घेऊ. तुझ्या वहिनीनं ते खोरं पाहिलेलंच नाही."

ऑपरेटर ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे कोसळली.

"काय झालं हो भावजी?" आतून वहिनीनं विचारलं.

तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. घशातून हवाही फुटेना.

"काही नाही वहिनी, खुर्ची लागली," खोलीत उत्तर उमटलं. आवाज हुबेहूब ऑपरेटरचा होता, आणि तो टेबलाच्या पलीकडून आला होता.