अद्वयचं वाण

ॲडम्सटाउनच्या घरात जेवणं उरकली, तसे मोहनकाका म्हणाले, "मोठा दिवा नको, रेवा. समई पुरे. हे माझ्या भाच्याच्याच घरी घडलंय. हृषीकेश, कॉर्ककडचा डॉक्टर."

"काका, भुतं नेहमी तुमच्याच नातलगांकडे कशी येतात हो?" सारंगनं डोळा मारला.

"आमच्याकडे स्वयंपाक चांगला असतो. ऐक आता.

"किलनाबान म्हणून एक वस्ती आहे. खाली ओढा, पलीकडे दलदल, तिला तिकडे बोग म्हणतात, आणि चढावर दहा-बारा घरं. पूर्वी शेकड्यानं माणसं राहायची. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाट्याचं पीक बुडालं, त्या दुष्काळात गाव ओस पडलं. हृषीकेशच्या घरामागे काटेरी झाडांचं रिंगण आहे, त्यात कुणी नांगर घालत नाही. आत नुसते पांढरे खडे. नाव एकावरही नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या आवारात जागा नसे. मग बाप रात्री एकटा यायचा, पुरायचा, वर खडा ठेवायचा. शेजारच्या डोनाल आजोबांनी हे सांगितलं, तेव्हापासून भाच्याची बायको, वृंदा, रोज दिवा लावला की तिकडेही हात जोडायची. तिचीही दोन गेली होती ना... तिसरा अद्वय. त्याच्या आयुष्यासाठी तिनं पिठोरी धरलेली.

"दोन हजार पंचवीसची पिठोरी अमावास्या. शुक्रवार, बावीस ऑगस्ट. केळी राहिली होती, म्हणून हृषीकेश अद्वयला गाडीत बसवून गावात गेला. नऊ वाजून गेले, अंधारून आलं. वृंदा देवाकडे तोंड करून बसली. मागचं दार उघडं. तेवढ्यात फाटक वाजलं. तिला वाटलं, आले. खीर-पुरीचं ताट तिनं डोक्यावरून मागे धरलं. मागे वळून बघायचं नसतं, ठाऊक आहे ना? विचारलं, 'अतिथी कोण?'"

"मग मुलानं 'मी' म्हणायचं," रेवा पुटपुटली.

"कुणी बोललं नाही. ताट मात्र हलकं झालं. जरासं.

"'अद्वय?'

"पुन्हा हलकं. मनगटाला बोटं लागली. गार. ओली. एकाच हाताची नव्हती ती.

"फोन वाजला. एका हातानं ताट सावरून तिनं स्पीकर लावला. 'वृंदा... वळणावर गाडी बोगमध्ये घसरली. अद्वय... अगं, डोळेच उघडत नाहीये...'"

"काका, नको ना." रेवा सारंगला चिकटली.

काकांचा आवाज अगदी खाली गेला. "ज्याचं वाण, तो तिकडे. आणि मागे... चाटण्याचा आवाज."

"ओरडली असेल ती," सारंग म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"नाही. मागे न बघता म्हणाली, 'भूक लागली असेल रे बाळांनो. खा. पोटभर खा. पण माझ्या अद्वयचा वाटा ठेवा...'

"चाटणं थांबलं.

"सगळंच शांत.

"मग फोनमधून अद्वयचा बारीक आवाज आला. 'मॅमी... आय ॲम स्टार्विंग.'"

रेवानं रोखून धरलेला श्वास सोडला. काका मात्र समईकडेच बघत होते.

"वृंदानं ताट खाली घेतलं. खिरीची वाटी लख्ख. पुऱ्या संपलेल्या. एकच होती, मधोमध. आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवावा, तसा तिच्यावर एक पांढरा खडा. त्याची माती अजून ओली होती."