फेसाळलेलं औषध

चांद्रतळावर मोठी माणसं पुष्कळ, मूल मात्र एकच, शर्वाणी. आई दिवसभर खाणीवर. सोबतीला धोंडू नावाचा यंत्रमानव. पण त्याच्याशी लंगडी कशी खेळणार? त्याला तर चाकं!

पुढच्या यानातून पृथ्वीवरची एक मुलगी इथं राहायला येणार होती. तिला घ्यायला धावत जायचं, असं शर्वाणीनं कधीचं ठरवलं होतं. पण गुडघे सुजून टम्म. या वयात संधिवात! तळावरचं शेवटचं इंजेक्शन आज टोचायचं होतं. पृथ्वीवर असताना खोकल्याचं औषध देताना तिची आजी नेहमी म्हणायची, "आधी बाटली हलव गं." त्याच सवयीनं शर्वाणीनं कुपी खळाखळा हलवली. आत फेसच फेस झाला.

"अगं, काय केलंस हे!" धोंडू ओरडला. "आता हे टोचता येणार नाही."

"मग दुसरं बनव. तापाची गोळी कशी चुटकीसरशी बनवतोस!"

"गोळीचा रेणू (एकमेकांना जोडलेल्या अणूंचा गट) चिमुकला असतो. रसायनात रसायन मिसळलं, की दर वेळी तोच तयार. हे जैविक औषध आहे, म्हणजे प्रथिन (डाळीत असतं त्या जातीचं). हजारो अणूंची माळ, तीही नेमक्या घड्या पडलेली. असलं किचकट काम जिवंत पेशींनाच (शरीराचे बारीक घटक) जमतं, मला नाही."

"घड्या कशाला पण?"

"तुझ्या शरीराचे पहारेकरी चुकून तुझ्याच गुडघ्यांवर तुटून पडतात. 'हल्ला करा' हा निरोप नेणारा एक पदार्थ असतो. घड्यांमुळे औषध नेमकं त्यालाच पकडतं. जोरात हलवलं, गोठवलं, तापवलं, की घड्या बिघडतात. गिळलं, तर पोट ते डाळीसारखं पचवून टाकतं. म्हणून सुई."

"म्हणजे माझ्यामुळेच वाया गेलं." शर्वाणीला रडूच कोसळलं. आता कसलं धावणं! या एवढ्या मोठ्या चंद्रावर आपलं कुणी नाही, असं तिला वाटलं.

"यानातून नवी कुपी येतेय. तोवर सोसावं लागेल गं," धोंडू हळूच म्हणाला. "पेशीही येताहेत. पुढं औषध इथंच बनेल."

"काय खातात त्या?" तिनं नाक पुसत विचारलं.

"साखर, क्षार. ऊबही लागते. पण मोठ्या भांड्यात अगदी मोजक्या सोडल्या, तर वाढत नाहीत. सोबत लागते त्यांना."

"मलाही," शर्वाणी म्हणाली.

यान उतरलं तेव्हा ती कठड्याला धरून, एकेक पाऊल टाकत गेली. समोरून नवी मुलगी आली, छातीशी थंड डबा धरून.

"तुझं औषध. हलवायचं नाही म्हणे," ती म्हणाली. "म्हणून वाटभर मांडीवर घेऊन बसले होते."

शर्वाणीनं डबा धोंडूकडे दिला आणि तिचा हात घट्ट धरला.