न फुटलेला ज्वालामुखी

"पळा! फुटतोय!" खटपटी ओरडली आणि तिघंही स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली घुसली.

टेबलावर कणकेचा ज्वालामुखी उभा होता. सकाळपासून खपून केलेला, काळाकुट्ट, वर तोंड असलेला. पोटात चार चमचे बेकिंग पावडर, आणि आताच वरून ओतलेलं लाल रंगाचं व्हिनेगर. आता धबाधबा लाव्हा येणार! तिघांनी कानात बोटं घातली.

"बुडुक," ज्वालामुखी म्हणाला. एकच बुडबुडा आला आणि विझला.

"ढेकर दिला त्यानं," शेंडेफळ म्हणालं. हे खटपटीचं धाकटं भावंड, वय वर्षं सहा.

"व्हिनेगर शिळं असणार," चष्म्या म्हणाला. हा तिचा मावसभाऊ. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नसत, पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर तयार!

"उगाच व्हिनेगरवर आळ नको." खटपटीनं फळीवरून खायच्या सोड्याचा डबा काढला, बशीत चिमूटभर सोडा घेतला आणि त्यावर तेच व्हिनेगर सोडलं. फस्सऽऽऽ! फेस उसळून थेट चष्म्याच्या नाकावर!

"व्हिनेगर ठणठणीत आहे. म्हणजे पावडरच मेलेली! कुठून आणली होती?"

"मावशीनं बेकरीतून. काल पुडीत बांधून..." चष्म्या बोलता बोलता थांबला.

सुट्टीसाठी तिघं मावशीकडे आली होती. मावशी बेकरीत केक करायची. केक कसले, ढगच ते! एकदा म्हणे खिडकी उघडी राहिली आणि एक केक तरंगत समोरच्या गच्चीवर जाऊन बसला. पण तीन दिवस झाले, तिचे केक फुगतच नव्हते. इतके चपटे, की ताटाला वाटावं, आपल्यापेक्षा बारीक कुणीतरी भेटलं! मालक म्हणाले होते, "वाचनालयाच्या वाढदिवसाचा केक आज पाच वाजता जायचाय. तोही बसला, तर उद्यापासून तुम्ही घरी बसा." आज सकाळी मावशी डोळे पुसतच कामाला गेली होती.

"ज्या पावडरीनं ज्वालामुखी फुगत नाही, तिनं केक कसा फुगेल?" खटपटी किंचाळली. "चला!"

व्हिनेगरची बाटली काखेत मारून तिघं धावत सुटली. वाटेत दुकानातून बेकिंग पावडरचा नवा कोरा डबा घेतला. खिशात फुगे होतेच. खटपटीच्या खिशात काय नसायचं!

बेकरीत मालक काचा पुसत होते. सगळे त्यांना टापटीपराव म्हणत. त्यांच्या पांढऱ्या एप्रनवर बसायला माशीसुद्धा आधी पाय पुसत असे. चार दिवसांपूर्वी त्यांनी सगळ्या वस्तू पत्र्याच्या डब्यांतून काढून सुंदर काचेच्या बरण्यांत ओतल्या होत्या, आणि बरण्या फळीवर उंचीप्रमाणे लावल्या होत्या.

"मावशी, पावडर मेलीय!" खटपटी ओरडली.

"काय?" मावशीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"माझ्या बरणीतली?" टापटीपराव भडकले. "नाचता येईना अंगण वाकडं! बाईंचा हात बिघडलाय आणि दोष पावडरला! कुणीही बरणीला हात लावायचा नाही!"

आता आली का पंचाईत? पण खटपटीनं लगेच सूर बदलला. "तेच म्हणतोय आम्ही, काका! हा चष्म्या म्हणतो, दुकानातली पावडर भारी. मी म्हटलं, शक्यच नाही. काकांच्या बरणीतली एका चमच्यात फुगा फोडेल!"

"अर्थात फोडेल!" टापटीपराव फुलले. "आण फुगा! मीच भरतो!"

दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत अर्धा पेला व्हिनेगर. लाल फुग्यात काकांनी स्वतः बरणीतली तीन चमचे पावडर भरली, पिवळ्यात चष्म्यानं नव्या डब्यातली तितकीच. फुगे बाटल्यांच्या तोंडावर घट्ट बसवले.

"एक, दोन, तीन... उचला!"

फुगे उभे केले, पावडर आत पडली. पिवळ्या फुग्याच्या बाटलीत खळखळ उडाली आणि फुगा टुण्णकन ताठ झाला. लाल फुगा मात्र लोंबतच राहिला.

"हा झोपलाय!" शेंडेफळ म्हणालं.

"बाटली खराब असेल," टापटीपराव पुटपुटले.

"मग बाटल्यांची अदलाबदल!" खटपटी म्हणाली. बाटल्या धुऊन पुन्हा सगळं केलं. पुन्हा पिवळा ताठ, लाल आडवा!

"पण बरणीत गेल्यावर ती मेली कशी?" मावशीनं विचारलं.

बरणी बघायला चष्म्या टाचा उंचावून फळीपाशी उभा राहिला आणि चाचपडू लागला. "अरे, मला काहीच दिसेना!" त्याचा चष्मा पांढराफटक झाला होता.

"वाफ!" खटपटी ओरडली. फळीच्या बरोबर खाली ट्रे धुवायच्या पाण्याचं मोठं पातेलं दिवसभर उकळत असे. वाफ सरळ बरणीवर. आणि झाकण? नुसतं वर ठेवलेलं, शोभेचं लाकडी! "पावडर आतल्या आत ओली झाली आणि तिचा सगळा फेस बरणीतच संपला! मावशीचा हात नाही, काका, तुमची फळी चुकली!"

टापटीपरावांनी बरणीचं झाकण उचललं. आतून थेंब टपकला, थेट त्यांच्या बुटावर.

"बाई," ते खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी. तुम्हाला उगाच बोललो. माफ करा."

"माफी नंतर," मावशीनं बाह्या सरसावल्या. "दोन वाजलेत. नवा डबा इकडे द्या!"

पाचला पाच कमी असताना भट्टीचं दार उघडलं. केक असा फुगला होता, की वरचा दिवा थोडक्यात वाचला! वाचनालयाच्या बाई आल्या, केककडे बघतच राहिल्या. "इतका हलका कुणी केला?"

"हात यांचा," टापटीपराव मावशीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि डोकं या तिघांचं. माझ्यासारख्या शहाण्याला दोन फुग्यांनी शिकवलं!"

मावशीनं तिघांना एकाच मिठीत कोंबलं. शेंडेफळ आतून ओरडलं, "पण ज्वालामुखी राहिला की!"

संध्याकाळी टापटीपराव स्वतः मावशीच्या स्वयंपाकघरात हजर झाले. नव्या पावडरचे चार चमचे आत गेले. व्हिनेगर त्यांनीच ओतलं. धडाम् फस्सऽऽऽ! लाल फेस टेबलावर, भिंतीवर आणि त्या पांढऱ्याशुभ्र एप्रनवर!

सगळ्यांनी श्वास रोखला. टापटीपरावांनी एप्रनकडे पाहिलं. मग ज्वालामुखीकडे. मग खटपटीकडे.

"बघत काय बसलीस?" ते म्हणाले. "अजून दोन चमचे टाक!"