शेवटचा काळा टाका

भेस्तानच्या गाळ्यात एम्ब्रॉयडरीची चार मशिनं सकाळी आठला धडधडायला लागत आणि योगिताला फोनवर ओरडूनच बोलावं लागे. तिचे सासरे शालिग्राम पंचिंग करत, म्हणजे साडीच्या पदराची नक्षी टाका टाका करून कॉम्प्युटरवर बसवत. त्यांच्यासारखा मोर अख्ख्या सुरतेत कुणाला जमत नसे. पदर पुरा झाला की नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात एक काळा टाका घालत आणि मगच चहाला उठत.

योगिताने त्यांच्या नाकदुऱ्या काढून सगळ्या डिझाइनी क्लाउडवर चढवल्या. पंधरा दिवसांनी ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पाठोपाठ कॉम्प्युटरही बंद पडून भंगारात गेला. दुसरा गाळा असता तर कुलूपच लागलं असतं. इथे योगिताच्या लॅपटॉपवर एकोणीस वर्षांची कला जशीच्या तशी उघडली. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा होता.

अडलं एका पदरावर. लग्नाची मोठी ऑर्डर, आणि मोर मानेपर्यंतच झालेला. तो पुरा झाला नाही तर मशिनं विकावी लागणार होती. बुधवारी दुपारी तिने फाइल उघडली, तर मोराला डोळा आला होता. शनिवारपर्यंत पिसारा पुरा झाला. कोपऱ्यात काळा टाकाही होता.

फाइलमध्ये बदल कुठून झाला ते क्लाउड सांगतं. तिथे भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरचं नाव होतं. तिने पासवर्ड बदलून पाहिला. नाव तेच राहिलं.

सासूबाई सुंदराबाईंनी स्क्रीनवरच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं.

"हाऊ तेस्नाच हात शे," त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. ऑर्डर वेळेत गेली.

सोमवारी एक नवी फाइल दिसली. नाव होतं 'सुंदरा'. हिरवा पदर, काठाला वेल. आराखडा आधीच पुरा आखलेला, आणि रोज शेकडो टाके त्यात भरत चाललेले. इतकं देखणं काम त्यांनी हयातीत केलं नव्हतं. योगिताने फाइल पुसली. दहा मिनिटांत ती परत आली.

"माले लेवाले ई ऱ्हायनात," सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या.

"आई, असं नका बोलू. कोण न्यायला येतंय?"

त्यांनी योगिताच्या पोटाकडे पाहिलं. सहावा महिना लागला होता. मग त्या स्क्रीनकडे वळल्या, नवऱ्याशी रोज बोलत तशा.

"नातवंडनं बारसं तं दखू द्या."

दुसऱ्या दिवशी पदरात एकच टाका वाढला. तिसऱ्या दिवशीही एकच.

योगिताला हायसं वाटलं. मग तिने कॅलेंडर काढलं.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला एकशे वीस दिवस होते. त्यानंतर बाराव्या दिवशी बारसं.

भरायचे टाके उरले होते एकशे बत्तीस, कोपऱ्यातला काळा धरून.