अकरा लाल खुणा

डोळे मिटा आणि बघा बरं… कवठे येमाईचं आरोग्य उपकेंद्र, बाहेर बाकावर गरोदर बायकांची रांग, आणि आत मान खाली घालून रक्त घेणारी अनिता सिस्टर. "पुढं या," म्हणत तिनं समोर आलेला हात धरला, बोटाला स्पिरिट चोळलं, सुई टेकवली — आणि थबकली. बोट चांगलंच राठ होतं. वर बघते तर ओळख करून द्यायला हात पुढं केलेला मिशीवाला तरुण!

"कितवा महिना?" तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"नोकरीचा तिसरा," तो म्हणाला. दारातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

हा विश्वजीत, दौंडचा, नव्या यंत्राची चाचणी घ्यायला आलेला. सोबत एक पेटीएवढं यंत्र. रक्ताचा थेंब काचेवर वाळवायचा, त्यावर प्रकाश सोडायचा. प्रत्येकाचं रक्त तो प्रकाश जरा निराळाच गिळतं आणि पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ उमटते. शाळेत मुलांना अक्षरं गिरवायला लावतात ना, तशा शेकडो रेघा दाखवून कॉम्प्युटरला शिकवलेलं : ही निरोगी आईची, ही आत जंतुसंसर्ग लपलेल्या आईची. ताप चढण्याआधीच कळलं, तर आईही सुखरूप आणि बाळही. पण यंत्र अजून स्वतःच परीक्षा देत होतं, शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

दर मंगळवारी तो येऊ लागला. काचेवरची तिच्या अक्षरातली नावाची चिठ्ठी वाचता येत असूनही, "हे नाव काय आहे हो?" म्हणून विचारू लागला. तीही मुद्दाम सावकाश सांगायची…

चौथ्या मंगळवारी मात्र त्याचा चेहरा उतरला. एकाच वस्तीवरच्या अकरा बायका आणि पडद्यावर अकराही लाल खुणा, म्हणजे अकराही जणींना संसर्ग. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. खुणा तशाच. अनितानं काचा उजेडात धरल्या. कडेला किंचित पिवळी झाक होती.

"काल वस्तीवर ओटीभरण होतं," ती म्हणाली. "हळदीकुंकू कुठल्या बोटानं लावतात, साहेब?"

त्यानं करंगळीशेजारचं बोट वर केलं. तिनं सुई टोचली होती तेच.

"नखातली हळद स्पिरिटनं सुटली आन् थेंबात उतरली. तुमच्या कॉम्प्युटरला कुणी हळदीकुंकवाला बोलावलंच न्हाई वाटतं."

तो हसला आणि हसता हसता तिच्याकडे बघतच राहिला. तिनं घाईघाईनं कापसाची पिशवी उघडली, उगाचच.

मग सगळ्यांचं रक्त कोपराजवळच्या शिरेतून घेतलं. दहा खुणा हिरव्या झाल्या. अकरावी लालच राहिली — धनश्रीची. धनश्री म्हणजे अनिताची सख्खी वहिनी, सातवा महिना. ना ताप, ना दुखणं, सकाळीच तिनं सगळ्या घराच्या भाकरी थापल्या होत्या.

"मघाशी त्या डब्यानं समद्यांनाच आजारी म्हनलं," सुनेसोबत आलेली अनिताची आई सरूबाई म्हणाली. "आता त्याचं का म्हून खरं मानायचं?"

अनिता विश्वजीतला पडवीत घेऊन गेली.

"खरं सांगा. तुमची बहीण असती तर?"

"यंत्र चुकू शकतं… मघाशी चुकलंच. पण बहीण असती, तर आत्ता शिरूरला नेली असती. काही निघालं नाही तर मला हवं ते बोला."

तिनं जीप बोलावली.

शिरूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. लघवीतले जंतू गुपचूप मूत्रपिंडाकडे निघाले होते. उशीर झाला असता तर बाळ अवेळी येण्याची भीती होती, असं ते म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली. सहाव्या दिवशी बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा सरूबाईंनी डोळे पुसले आणि विश्वजीतला बळंच डब्यातली पिठलं-भाकरी वाढली.

त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला अनिता, आणि मधोमध धनश्रीची सहा वर्षांची सायली चुरमुरे खात बसलेली.

"सोमवारपासून माझं काम दौंडला," तो म्हणाला. "आईला सांगितलं, कवठ्यात एक मुलगी आहे म्हणून. ती म्हणाली, तिला विचारलंस का? तर… विचारतोय."

अनिता पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "आन् मी न्हाई म्हणाले तर?"

"तर पाचची एसटी आहे. लवकर सांगा."

अनितानं सायलीच्या पुडीतले चार चुरमुरे उचलले.

"दादाशी बोलावं लागंल," ती हळूच म्हणाली. "तो सहाला येतो. पाचची जाऊ द्या."

सायलीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग पुडी सावरत ती खाली उतरली, बाकाला वळसा घालून आत्याच्या पलीकडं जाऊन बसली, आणि कोपरानं तिला मधल्या रिकाम्या जागेकडं ढकलू लागली.