बटणाबरोबर आलेला तुकडा

ऐका ना, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. माझं बोलणं एकदा तुटलं की पुन्हा जोडता येत नाही, माहितीये ना तुम्हाला.

तर मी काचघराचं दार ढकलून बाहेर आले आणि बघते तर काय — एक माणूस बाकावर पाय पसरून आमचं हात धुवायचं दूध पीत बसलाय!

हो, दूधच. टोमॅटोवरचा एक विषाणू हाताला चिकटून या रोपावरून त्या रोपावर जातो, आणि दुधात हात बुडवले की तो लुळा पडतो. म्हणून रोज सकाळी दारापाशी पावडरचं दूध कालवून ठेवायचं, हे काम माझं. त्या दिवशी टब गळत होता, म्हणून मी ते एका जगमध्ये भरून ठेवलं होतं. शेजारी ओतून घ्यायला पेला. झालं!

"अहो! ते हात धुवायचंय!"

त्याने पेला खाली घेतला. ओठांवर पांढरी मिशी.

"दुधाने हात? कुठल्या राजवाड्यात आलो म्हणायचं मी?"

"राजवाडा नाही, प्रयोगशाळा आहे. बाहेर पाटी लावलीये."

"वाचली की. 'आत जाण्यापूर्वी दूध'... पुढचं पुसलंय. मला वाटलं, काय प्रेमळ लोक आहेत."

मी वळून पाटीकडे पाहिलं. खरंच पुसलं होतं. मला हसू आलं आणि ते दाबताना नाकातून कसलासा आवाज निघाला. तो उभा राहिला, मिशी पुसली. एका बाजूची राहिलीच.

"मी वकील. रोपं बघायला आलोय. हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. म्हणजे हाच तो! आमचा टोमॅटो काचघरातून बाहेर काढून उघड्या शेतात लावायची परवानगी आम्ही मागितली होती, आणि त्यावर जाहीर सुनावणी होती. शेताच्या कुंपणाला लागूनच एका बाईंची रोपवाटिका. स्वतःच्याच फळांतून धरलेल्या बियांची टोमॅटोची रोपं विकतात, चांगला जम बसलाय. त्यांनी हरकत घेतली होती आणि हा त्यांचा भाचा. सुनावणीत आमच्या बाजूने पहिलं कोण बोलणार होतं? मी! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला पहिल्यांदाच पुढे केलं होतं. नीट पार पडलं तर शेतावरची सगळी चाचणी मी सांभाळणार होते.

"हात पुढे करा," मी जरा तोऱ्यातच म्हटलं आणि उरलेलं दूध त्याच्या हातांवर ओतलं.

"थंड आहे हो."

"पिताना नाही वाटलं?"

आत त्याचं दर थोड्या वेळाने दचकणं सुरू होतं. काचघरात छताला बारीक फवारे आहेत, ते आपले आपण सुरू होतात... धुक्यासारखं पाणी केसांवर, पापण्यांवर येऊन बसतं. मला सवय आहे. त्याने मात्र प्रत्येक वेळी असं वर बघायचं, जणू कुणी हाक मारली!

"मला एक सांगा," चष्मा पुसत तो म्हणाला, "विषाणूपासून रोप वाचवायचं, आणि त्यासाठी रोपातच विषाणूचा जीन घालायचा. चोराच्या हातात तिजोरीची किल्ली म्हणतात ती हीच ना?"

"अख्खा चोर कुठे घातलाय? त्याचा नुसता कोट आणलाय. विषाणूच्या कवचाचा एक जीन. तो आत असला की खऱ्या विषाणूची डाळ शिजत नाही."

"आणि तो कोट आपोआप अंगावर चढतो?"

"नाही. जीन चालू करायला बटण लागतं. ते आम्ही दुसऱ्या विषाणूतून घेतलंय, फ्लॉवरवर येतो त्यातून. नुसतं बटण हां. दिव्याचं असतं तसं."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बटण उचकटताना कधीकधी भिंतीचा तुकडाही निघून येतो."

"आमचा नाही आला," मी म्हटलं. पटकन. अगदी सहज.

पाहणी एकदाच करायची असते. हा चार दिवसांनी परत हजर! म्हणे रोपांची उंची लिहायची राहिली. मग म्हणे पानांचे फोटो हलले. आमचा माळी मला म्हणाला, "ताई, या वकिलांना इथे एक रोप करूनच ठेवा, येण्याजाण्याचा खर्च वाचेल."

मी भांडले हो त्याच्याशी, नाही असं नाही. त्याच्या आत्याने पत्रकं वाटली होती, त्यावर दात असलेला टोमॅटो! खाली लिहिलं होतं — हा खाल तर विषाणू तुमच्यात शिरेल.

"हे तू... तुम्ही लिहिलंत?"

"चित्र आत्याचं. तिला कला आवडते."

"आणि खालचं खोटं? हा विषाणू माणसाला होत नाही. फ्लॉवरबरोबर तुम्ही तो आजवर कितीदा खाल्ला असेल. झालंय काही?"

"झालंय ना," तो म्हणाला. "पण त्याला फ्लॉवर कारण आहे असं वाटत नाही."

मी एकदम रोपाला काठी बांधायला लागले. ते आधीच बांधलेलं होतं.

मग तो नीट बोलला. "माझी खरी भीती वेगळी आहे. तुमच्या रोपात विषाणूचा हा जीन कायमचा. उद्या शेतात दुसरा एखादा विषाणू त्यात शिरला आणि दोघांची सरमिसळ झाली तर? आत्याची रोपवाटिका कुंपणाला लागून आहे. पहिला फटका तिला."

"शक्यता फार कमी आहे. पण... प्रश्न बरोबर आहे. त्यासाठीच चाचणी आहे."

"बरं. पत्रक मी मागे घ्यायला लावतो. आत्या घर डोक्यावर घेईल, घेऊ दे. आणि भिंतीच्या तुकड्याचा मुद्दाही हरकतीतून वगळतो."

"तो का?"

"तुम्ही म्हणालात ना, नाही आला म्हणून." तो असा बघत होता... की त्यात वकिली शोधूनही सापडली नसती.

सांगू? त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. एकच वाक्य डोक्यात. तुम्ही म्हणालात ना. अरे, पण मी तपासलं कुठे होतं? बटणाचा डीएनए ठेवलेली नळी मॅडमना त्यांच्या सरांकडून मिळालेली. वर लेबल — 'बटण'. त्या नळीतून सगळ्यांनी घेतलं, सगळ्यांनी वापरलं. आमच्यात असंच चालतं. गुरूने दिलेली नळी कुणी उघडून मोजत नाही, देवाला कुणी वय विचारतं का?

मी म्हटलं, एकदा बघून टाकू. सुनावणीत फोटो दाखवू, अजून भाव खाऊ. जेल लावलं. म्हणजे काय, तर जेलीसारख्या वडीत डीएनएचे तुकडे टाकायचे आणि वीज सोडायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. नंतर दिव्याखाली पट्टे चमकतात. आमचा पट्टा जिथे हवा तिथे नव्हता. मागे होता. चांगलाच मागे.

पुन्हा लावलं. पुन्हा मागे.

म्हणजे तुकडा मोठा. बटणाबरोबर त्या विषाणूच्या शेजारच्या जीनची शेपटी आली होती. भिंतीचा तुकडा आला होता.

मी फोटो घेऊन मॅडमकडे धावले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"यात काही अपाय होतो असं कुठे सिद्ध झालंय?"

"नाही मॅडम. पण होत नाही, हेही आपण बघितलेलं नाही."

"त्यांच्या हरकतीत हा मुद्दा आहे?"

"होता... वगळला त्यांनी."

"मग? तू बटण म्हण आणि खाली बस. खोटं बोल असं मी म्हणत नाहीये." त्यांनी फोटो पालथा ठेवला. आवाज एकदम बारीक झाला. "ती नळी सरांनी मला स्वतःच्या हाताने दिली होती गं."

घरी आले तर भूक नाही, झोप नाही. फोन हातात घ्यायचा, त्याचं नाव काढायचं, ठेवायचा. माझी ताई म्हणाली, "अगं, त्या फोनला ताप आलाय का? सारखी हात लावून बघतेस ते." त्याचेच दोन मेसेज येऊन पडले होते. एक — 'आत्याने पत्रक मागे घेतलं. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. शांतता आहे.' दुसरा — 'तुम्ही गप्प का?' मी उत्तर लिहायचे आणि पुसायचे. ताईने शेवटी फोन काढून घेतला आणि उशीखाली ठेवून त्यावर स्वतः झोपली.

सुनावणीचा हॉल खच्चून भरलेला. पंखे नुसते फिरत होते. मॅडम पहिल्या रांगेत. पलीकडे आत्या, हिरव्यागार पोशाखात, हाताची घडी. आणि तो. माझ्याकडे बघून किंचित हसला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पळून जावं.

मी बोलायला लागले. कवच सांगितलं, काचघर सांगितलं. मग बटण. म्हटलं "फक्त बटण" आणि... जीभ तिथेच अडकली. मॅडमनी मान हलवली, चल पुढे. पण पुढे जाताच येईना हो!

"फक्त बटण नाहीये," मी म्हटलं. "त्याला शेजारच्या जीनचा तुकडा चिकटलेला आहे. आम्हाला वर्षानुवर्षं माहीत नव्हतं, कारण आम्ही बघितलं नव्हतं. त्याने नुकसान होईल असं मला वाटत नाही. पण माझं वाटणं म्हणजे तपासणी नव्हे. तपासल्याशिवाय ही रोपं शेतात नेऊ नयेत."

सगळा हॉल एकदम बोलायला लागला. मॅडम समोर बघत बसल्या होत्या, माझ्याकडे नाही. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. "हरकतदारांच्या वकिलांना काही विचारायचंय?"

तो उठला. हसू पार गेलं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"परवा सकाळी."

"परवापासून तुमचा फोन बंद होता?"

कुणीतरी खोकलं.

"नाही."

"माझा... म्हणजे आमच्या बाजूचा नंबर तुमच्याकडे होता?"

"होता."

"मेसेज मिळाले होते?"

"मिळाले होते."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "वकीलसाहेब, याचा हरकतीशी संबंध काय?"

"आहे साहेब. थेट आहे." त्याचे कान लालबुंद!

"अरे, टोमॅटोवर ये, टोमॅटोवर!" आत्या मागून ओरडल्या.

तो हलला नाही. "तुमच्या शब्दावर मी एक मुद्दा सोडला होता. मला आधी का नाही सांगितलंत?"

मी समोरचे कागद एकावर एक नीट लावले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं. आणि मन हलकं झालं की मी इथे येऊन गप्प बसले असते. मी ओळखते ना मला. शिवाय ते ओझं तुमच्या गळ्यात पडलं असतं. तुम्ही बोललात तर माझा घात, गप्प बसलात तर आत्यांचा. शब्द मी दिला होता... तो मागे घ्यायचा तर मीच घ्यायला हवा ना? सगळ्यांसमोर."

"मी हिची आत्या कधी झाले?" आत्यांनी शेजारच्या बाईला विचारलं. हळू विचारलं असावं, पण हॉलभर गेलं. अध्यक्षसुद्धा हसले हो! तो मात्र माझ्याकडेच बघत होता.

"आणखी प्रश्न नाहीत," तो म्हणाला आणि खाली बसला.

निकाल लगेचच लागला. तुकडा तपासा किंवा छोटा कापून नवी रोपं करा, तोवर शेत बंद. म्हणजे दोनेक वर्षं तरी गेली. आत्या जिंकल्या. मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या नवीन बटण कापायला घे." त्या अजून माझ्याशी तुटक बोलतात. बोलू देत. मला वाईट वाटतं, आणि तरी पुन्हा तसंच करीन.

मी जिन्यात येऊन बसले. तो आला, दोन पायऱ्या खाली बसला. बाहेर चिरचिर पाऊस, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघतोय जणू पाऊस नवीनच निघालाय.

"रागावलायस?" मी विचारलं. कधी 'तू' झालं, कळलंच नाही.

"परवापासून. तू गप्प होतीस ना, मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पत्रकावरून वाईट वाटलं, की..." तो बोटं मोडत होता. एकेक करून सगळी मोडून झाली. "की त्या फ्लॉवरच्या उत्तराचा अर्थ तुला कळला, आणि आवडला नाही."

"कळला होता."

"आणि?"

"काठी बांधत होते ना मी."

"म्हणजे?"

"वकील आहेस ना रे? लाव अर्थ."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "एक आधीच सांगून ठेवतो. तुमची नवी रोपं येतील, पुन्हा सुनावणी होईल, आणि मी पुन्हा विरोधातच उभा असेन. आत्यासाठी म्हणून नाही. मला खरंच पटलेलं नाही. तू समोर असलीस तरी मी सोडणार नाही... चालेल तुला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चाचणी गेली, मॅडम दुरावल्या, आता हा काय म्हणेल कुणास ठाऊक. पण म्हटलं, आज बोलतेच आहेस, तर हेही बोलून टाक बाई.

"सोडूच नकोस," मी म्हणाले. "माझं म्हणणं जरा तपासून घेणारं कुणीतरी घरात पाहिजेच."

बोटं मोडायची थांबली.

"घरात म्हणालीस?"

"तुला ऐकू आलं ना?"

"आलं. पण... पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्यावी म्हटलं."

"घरात," मी म्हटलं. "लिहून घे हवं तर."

त्याने लिहून घेतलं नाही. दोन पायऱ्या वर आला आणि माझा हात धरून बसला.