पॅनेलच्या आतल्या तारखा

"काका, तुमचं लग्न झालंय का?"

विचारलं बाई एकदाचं! खिडकीबाहेर माझ्या मैत्रिणी, चष्मिश आणि लंबू, एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "दम असेल तर त्या एसीवाल्यांना विचारून दाखव," म्हणाल्या. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच बसायचा. पण ती मी वेगळी. नववीतली मी वेगळी!

स्टुलावर उभे असलेले एसीवाले हळूच मागे वळले.

"काका? इतका म्हातारा दिसतो मी?"

"विषय बदलू नका."

"नाही झालं," ते म्हणाले. प्रश्न माझा होता... पण उत्तर देताना बघितलं मात्र आत्याकडे.

आत्या टेबलाशी एका जुन्या पुस्तकाचा कणा चिकटवत होती. तिचा ब्रश हवेतच थांबला. डिंकाचा एक थेंब टपकन ओढणीवर पडला, आणि आमची आत्या, जी कागदाची चुरगळलेली कडासुद्धा खपवून घेत नाही, तिला तो दिसलाच नाही!

आता मुळात एसीवाले आमच्याकडे आले कसे, ते सांगते.

आमच्याकडची हवा पिळली तर बादली भरेल. मिठाच्या डबीत पाणी सुटतं, बुटांना बुरशी येते, टॉवेल कधी पूर्ण वाळलेला मी पाहिलेला नाही. आत्या लायब्ररीची फाटकी पुस्तकं घरी आणून दुरुस्त करते, आणि कागदाला ओल म्हणजे विष. म्हणून एसी तिच्या खोलीत. माझी खाटही तिथेच, कारण मला लहानपणापासून दमट हवेत खोकला यायचा. आई-बाबा दोघंही नोकरीवर, त्यामुळे मी म्हणजे आत्याचं खातं. आत्या मला भुंगी म्हणते. का, ते घरातली माझी ही अखंड बडबड ऐकून तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर त्या एसीला ओल्या मोज्यांसारखा वास यायला लागला. आत्यानं समोरचं पॅनेल उघडलं, फिल्टर काढला, तर मागच्या जाळीवर काळपट थर! आत्याला घाण दिसली की ती पदर खोचते. पदर नव्हता म्हणून तिनं ओढणी खोचली, भांडी घासायचा ब्रश घेतला आणि जाळी अशी घासली, अशी घासली... की हवाच बंद.

एसीवाल्यांनी पॅनेल उघडलं आणि जाळीवरून हळूच बोट फिरवलं.

"ही कुणी घासली?"

"मी," आत्या हनुवटी वर करून म्हणाली.

"आडवी?"

"मग काय, उभी घासायची?"

"हो ना! ही पत्र्याची पातळ पानं आहेत, मॅडम, उभी लावलेली. यांच्यामधून हवा जाते. आडवं घासलं की सगळी लोळण घेतात." ते टेबलावरच्या पुस्तकांकडे बघून हसले. "तुम्ही तरी पानं अशी दुमडू नयेत."

आत्याला कुणी चूक दाखवली की ती फणकारते. त्या दिवशी... नाही फणकारली.

मग त्यांनी खिशातून एक बारीक दात्यांचा कंगवा काढला आणि एकेक पान विंचरून उभं करायला लागले. दीड तास! इतक्या हळुवारपणे कुणी माझे केस विंचरले असते तर मी अजूनही दोन वेण्याच घालत असते. माझ्या मैत्रिणी खिडकीशी आल्या त्या याच वेळी, आणि मग ती पैज लागली.

जाळी सरळ झाली. त्यांनी खाली प्लास्टिकची झोळी बांधली, साबणाचा फेस मारला, वरून खाली मऊ ब्रश फिरवला. बादलीत शाईसारखं पाणी उतरलं. जाताना पॅनेलच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलनं तारीख लिहिली.

"फिल्टर दर पंधरा दिवसांनी. जाळी तीन महिन्यांनी. लिहून ठेवलं की विसरत नाही."

"मी विसरत नाही," आत्या म्हणाली.

"मग माझ्यासाठी लिहितो."

तीन महिने म्हणाले होते ना? तीन आठवड्यांत हजर! "पाण्याची नळी तुंबली का, बघून जातो." नळी ठणठणीत होती. पॅनेलमध्ये दुसरी तारीख पडली. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि या वेळी हातात एक भिजलेलं पुस्तक.

"पाण्यात पडलं," ते म्हणाले.

आत्यानं ते उलटसुलट केलं. "पडलं... की पाडलं?"

"म्हणजे?"

"पडलेलं पुस्तक सगळीकडून भिजतं. हे एकाच कोपऱ्याला भिजलंय. नळाखाली धरल्यासारखं."

एसीवाल्यांचे कान लाल झाले. बाहेर सर धो-धो कोसळत होती. छत्री असूनही ते पाऊस थांबायची वाट बघत बसले, आणि आत्या एकेका ओल्या पानामध्ये टिपकागद घालत राहिली. दोघंही काही बोलत नव्हती. मीसुद्धा बोलले नाही. मी! यावरून काय ते समजा. जायच्या आधी मात्र त्यांनी पॅनेल उघडून तिसरी तारीख लिहिली, आणि एवढीशी तारीख लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

नंतर आत्या तुटक बोलायला लागली. "कधी येणार काका?" विचारलं तर म्हणायची, "रविवारी येतायत जाळी धुवायला. तू अभ्यास कर."

शुक्रवारी ती लायब्ररीत असताना मला वाटलं, चला, या वेळचा फिल्टर आपण धुऊ. बटण बंद केलं, स्टुलावर चढले, पॅनेल उचललं.

तीन तारखा. आणि तिसरीच्या खाली, त्याच अक्षरात —

'तुमच्या दादांशी आपल्याबद्दल बोलायला येऊ का? उत्तर इथेच लिहा. हे झाकण आपल्या दोघांशिवाय कुणी उघडत नाही.'

माझ्या छातीत धडधड... जशी काही मलाच मागणी आली होती! आणि त्याखाली आत्याचं गोल अक्षर —

'मन तुमच्याकडेच आहे. पण नको. भुंगीला खोकला येतो. तिला मोठी होऊ द्या.'

मी स्टुलावरच बसले.

खोकला? मला शेवटचा खोकला आला तेव्हा मी सातवीत होते! कुणी मोजलंच नव्हतं. मी आत्याच्या खोलीत झोपत राहिले, आत्या माझ्यासाठी जागत राहिली, आणि आई-बाबा धरूनच चालले की आत्या आहे ना. मीपण तेच धरलं होतं. आता रविवारी काका पॅनेल उघडणार आणि ते 'नको' वाचणार.

खोडून टाकावं? हात गेला होता... पण दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर आपण गिरवायचं नसतं. उत्तर तिनंच बदलायला हवं. मला फक्त त्यातलं कारण पुसता येणार होतं.

शनिवारी दुपारी मी काकांसारखीच एसीखाली प्लास्टिकची झोळी बांधली. आत्या "अगं, अगं!" करत धावली. "लांबून बघ," मी म्हणाले. बटण बंद. फिल्टर बाहेर. फेस. दहा मिनिटं थांबायचं. मग मऊ ब्रश... उभा, वरून खाली, पानांच्या रेषेनं. एकही पान लवलं नाही. आत्या बघत राहिली, आणि तिचे डोळे हळूहळू पॅनेलच्या आतल्या बाजूकडे गेले. मग माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्यांदा!

संध्याकाळी चहाला सगळे बसलो. खोलीतून धुतलेल्या हवेचा थंडगार, कोरा वास येत होता.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," मी उभी राहून म्हणाले.

"बसून ठरव की," बाबा म्हणाले.

"नाही, उभ्यानंच. आजपासून या घरातला एसी मी धुणार. फिल्टर आणि जाळी, दोन्ही. मला दोन वर्षं खोकला आलेला नाही. आणि आलाच, तर आई, तू उठशील. मी एकटी झोपणार."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आत्याकडे. आत्यानं कपात.

"आणि उद्या एसीवाले काका येतायत. धुवायला काही उरलेलं नाही, त्यामुळे बाबा, तुम्ही त्यांना स्टूल नाही, खुर्ची द्यायची. आणि आत्या... खोडरबर माझ्या दप्तरात आहे. पुढच्या कप्प्यात."